आठवी जागा

जिंतूरच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या राजेश्रीबाईंनीच नीलमच्या हातात पहिल्यांदा टेनिसची रॅकेट दिली. नीलम त्याच शाळेत गणित शिकवायची. चार वर्षं रोज शाळा सुटली की दोघी सिमेंटच्या कोर्टवर खेळायच्या, आणि जिंकायच्या राजेश्रीबाई.

यंदा दोघी पस्तिशीपुढच्या बायकांच्या स्पर्धांत उतरल्या. वर्षभरात सहा स्पर्धा, प्रत्येकीचे गुण, आणि बेरजेत पहिल्या आठ येतील त्यांनाच वर्षअखेरची मोठी स्पर्धा. पाच स्पर्धांनंतर राजेश्रीबाई आठव्या होत्या, नीलम नववी. सहावी परभणीत झाली. राजेश्रीबाई दुसऱ्याच फेरीत हरल्या. नीलम उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि बेरजेत आठवी झाली, राजेश्रीबाई नवव्या. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. राजेश्रीबाई तिच्याकडं बघत राहिल्या. माझ्याकडूनच शिकली आणि माझीच जागा घेतली, एवढंच मनात फिरत होतं.

मंगळवारी नीलमच्या सासूबाई पडल्या, पाय मोडला. ती सासरी राणीसावरगावला गेली. तिथं तिचा मोबाइल हौदात पडून बंद झाला. नवऱ्याच्या फोनवरून तिनं राजेश्रीबाईंना तसं कळवलं. त्याच संध्याकाळी संयोजकांचा फोन राजेश्रीबाईंना आला, कारण नीलमचा फॉर्म त्यांनीच भरला होता आणि दुसरा नंबर त्यांचा होता.

"नीलम मॅडमचा होकार गुरुवारी पाचपर्यंत कळवा. नाहीतर नवव्या नंबरला घेऊ."

बुधवारी राजेश्रीबाईंच्या नवऱ्यानं, योगीरावांनी विचारलं, "नीलमला सांगितलं का?"

"सांगते की," त्या म्हणाल्या आणि पीठ मळायला बसल्या.

गुरुवारी चारला पुन्हा फोन आला. "त्यांच्या घरी आजारपण हाय, त्या यायच्या न्हाईत," राजेश्रीबाई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

शनिवारी नीलम शाळेत आली. "ताई, निरोप आला का? सासूबाई म्हणायल्यात, तुझी नणंद हाय माझ्यापाशी, तू जा खेळायला."

"आलता. मंगळवारीच." राजेश्रीबाई म्हणाल्या. "तू येत न्हाईस म्हणून मीच सांगून टाकलं."

"ह्यांचा नंबर होता की तुमच्याकडं."

"होता."

राजेश्रीबाईंनी तिच्यासमोरच संयोजकांना फोन लावून खरं काय ते सांगितलं. पण नकार आलेलं नाव आता परत घेता येणार नव्हतं. "मग माझंबी काढा," त्या म्हणाल्या. दहाव्या नंबरची नांदेडची बाई खेळायला गेली.

"तुमी मागितली असती तर जागा दिली असती का, ते मलाबी सांगता येत न्हाई," नीलम म्हणाली आणि वर्गावर गेली.

आता ती बँकेतल्या मनिषाबरोबर खेळते. नव्या वर्षाच्या पहिल्या स्पर्धेची गुणांची यादी आली, तेव्हा राजेश्रीबाईंनी आधी नीलमचं नाव शोधलं. ती तिसरी होती. त्यांनी मोबाइल उलटा ठेवला, शिट्टी गळ्यात घातली आणि सातवीची पोरं मैदानावर नेली.