ते भाषण कोणी लिहिलं

नवऱ्याला हे माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. सात वर्षं झाली, तोंडातून एक शब्द निघालेला नाही. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी दोंडाईच्याला शाळेत मराठी शिकवते. माझा आवाज चांगला आहे. सूत्रसंचालन असो, निरोप समारंभ असो, माईक माझ्याच हातात येतो. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, ही बाई धीट आहे. तसं वाटू देणं किती सोपं असतं!

त्या वर्षी जानेवारीत एक बातमी आली. आफ्रिकेतल्या एका देशात आपली शांतिसेना होती, तिथं हल्ल्यात आपले दोन जवान गेले. ते आपल्या भागातले नव्हते, पण गाव पेटलं. चौकात फलक लागले. मिरचीच्या बाजारात, सलूनमध्ये, व्हॉट्सअपवर एकच सूर — आणखी फौज पाठवा, दाखवून द्या त्यांना. शिक्षक खोलीतही तेच.

आणि मी? मला मनातून वाटत होतं, की लोकांच्या भांडणात आपली पोरं कशाला? दोन घरांत आज चूल पेटली नसेल आणि इथं चहा पिता पिता आणखी पाठवा म्हणतात! असं वाटत होतं. पण मी मान हलवत होते. सगळ्यांबरोबर, अगदी लयीत.

त्याच आठवड्यात तालुक्याची वादविवाद स्पर्धा आमच्या शाळेत होती. विषय होता, परक्या देशातल्या संघर्षात आपण सैन्य पाठवावं का? नववीतली प्रज्ञा माझी सगळ्यात चांगली वक्ता. तिचे वडील सैन्यात हवालदार — आणि त्या वेळी त्याच देशात, त्याच शांतिसेनेत. ती आपणहून माझ्याकडे आली. म्हणाली, मॅडम, मी अनुकूल बाजूनं बोलते, पप्पांबद्दल सांगते.

मी तिला प्रतिकूल बाजू दिली.

तिला सांगितलं, की त्या बाजूला चांगलं बोलणारं कुणी नाही. खोटं होतं ते. खरं म्हणजे मला दिसत होतं — तिथल्या जवानाचीच मुलगी बोलली, तर सभागृह गप्प होईल. जे बोलायची माझी छाती नव्हती, ते चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडून ऐकायला मला हवं होतं. भाषण मी एका बैठकीत लिहिलं. तिच्याच वहीत, माझ्या अक्षरात. इतकं चांगलं मी त्याआधी काही लिहिलं नव्हतं.

शेवटचं वाक्य होतं — ‘माझा बाप तिथं कोणासाठी उभा आहे, हे मला या गावातलं कोणी सांगेल का?’

तिनं ते वाचलं आणि म्हणाली, “मॅडम, एवढं एक वाक्य नको. पप्पांना वाईट वाटेल.”

मी म्हणाले, “अगं, तेच तर लोकांच्या लक्षात राहील.”

राहिलं. सभागृह खरंच गप्प झालं, अगदी मला हवं होतं तसं. पण कुणीतरी मोबाइलवर तेवढंच वाक्य टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरलं. वर लिहिलं होतं, जवानाच्याच मुलीकडून जवानांचा अपमान. खाली लोकांनी काय काय लिहिलं, ते सांगवत नाही. तिच्या वस्तीचं नाव घेऊन लिहिलं, जातीवर गेले. मी ते सगळं वाचलं. एकाही ठिकाणी काही लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दहा-बारा माणसं शाळेत आली. मुख्याध्यापकांनी प्रज्ञाला बोलावलं, मलाही बोलावलं. तिची आई आधीच दाराशी उभी होती. “बठ्ठं, सारं गाव बोली ऱ्हायनं, मॅडम,” ती मला म्हणाली, “ही पोर जेवत बी नई.” मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला मी हात, खरंच.

आत मुख्याध्यापकांनी विचारलं, “भाषण कोणी लिहून दिलं?”

किती वेळ गेला असेल? दोन श्वास. तेवढ्यात किती तरी बोलता आलं असतं.

“मी फक्त विषय समजावला, सर. भाषण तिनं घरून लिहून आणलं,” मी म्हणाले.

प्रज्ञानं माझ्याकडे एकदा बघितलं. वही तिच्या दप्तरात होती आणि दप्तर तिच्या खांद्यावर. तिनं ते उघडलं नाही. म्हणाली, “हो सर, मीच लिहिलं.”

तुम्हाला वाटेल, इथंच संपलं. नाही. तिला प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माफीनामा वाचायला लावला. तो कागद आधी तपासायला माझ्याकडे आला. मी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. नंतर तिच्याकडून ती वही मागून घेतली आणि माझ्या अक्षराची पानं फाडली. तिनं वही दिली आणि परत घेतली.

दोन महिन्यांनी तिचे वडील रजेवर आले आणि मला भेटायला शाळेत आले. मी म्हटलं, बसा ना भाऊ. ते बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, “मॅडम, पोरनी चूक व्हई गयी. तुमनं नाव खराब व्हयनं. माफ करा.”

मग हळू आवाजात सांगत राहिले. तिथं ते पाण्याच्या टँकरजवळ पहारा देत. आजूबाजूच्या बाया-पोरांचं पाणी भरून होईपर्यंत उभं राहायचं, बस. पोरीनं विचारलं ते तसं खोटं नाही, म्हणाले, मलाही कधीकधी पडतो तो प्रश्न. पण तिनं मला विचारायचं, गावाला कशाला विचारलं?

त्या माणसाला सांगायला हवं होतं की नाही? तो समोर उभा होता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, “जाऊ द्या भाऊ, लहान आहे ती.”

मी त्यांच्या मुलीला माफ केलं!

प्रज्ञा त्यानंतर कधी व्यासपीठावर चढली नाही. वर्गात तिचा हातही वर येत नसे. दहावी झाली आणि ती धुळ्याला आत्याकडे शिकायला गेली. तिथंच आता एका दवाखान्यात नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात धुळ्याच्या बसस्थानकात ती अचानक समोर आली. हसली, वाकून नमस्कार केला. आम्ही उन्हाबद्दल बोललो. मग तिनं विचारलं, “मॅडम, ते भाषण — ते तुमचं खरंच मत होतं ना? मी पुष्कळ विचार केला त्याच्यावर. मला आता ते पटतं.”

इतकी वर्षं तिनं ते सांभाळलं होतं. शिव्या खाऊन सांभाळलं होतं. तिला एवढंच हवं होतं, की कुणीतरी म्हणावं, हो, माझंही तेच आहे.

“छे गं,” मी म्हणाले, “स्पर्धेपुरतं लिहिलं होतं ते.”

ती “अच्छा” म्हणाली आणि फलाटाकडे गेली.

आता पुन्हा तसल्याच बातम्या येताहेत, दुसऱ्या कुठल्या देशातल्या. परवा शिक्षक खोलीत चहा घेताना विषय निघाला, पाठवावं की नाही. नव्यानं आलेल्या एका शिक्षिकेनं मला विचारलं, मॅडम, तुमचं काय मत?

मी म्हणाले, पाठवायलाच हवं.

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.