हिंगाच्या डबीतल्या गोळ्या

मला वाचवलं ते शेजारच्या मशीनवरच्या गुजराती बेननं. हिंगाचा वास आला की सायली नावाच्या गावातल्या धागा कंपनीतली ती सकाळ अजून अंगावर येते. घबराटीवरच्या जुन्या उपचारातल्या उरलेल्या गोळ्या मी गावाहून हिंगाच्या रिकाम्या डबीत आणल्या होत्या. गोळ्या बंद केल्यावर वर्षभरानं छातीत पुन्हा धडधडायला लागलं, तशा डॉक्टरला न विचारता पूर्वीसारख्याच दोन घेतल्या. अंगाची सवय मोडली होती; गुंगी येऊन धागा जोडता जोडता डोळे मिटले आणि हात फिरत्या रोलरवर चालला. बेननं मशीन बंद करून मला मागं खेचलं. "अरे भाई, हात गयो होत ने!" हात गेलाच असता, असं ती ओरडली. दवाखान्यात डबी हुंगून ती डॉक्टरला म्हणाली, "साहेब, हा तर वघारातून, फोडणीतून औषध घेतो!" मी नुसता पाचही बोटं मोजत बसलो. बेन, तुमचे उपकार फेडायला एक दिवस हाच हात पुढं येईल.