उजव्या डोळ्याची लांबी

मोतीबिंदू थंडीतच काढायचा, अशी आमच्या पिढीची समजूत. आणि थंडीत तुम्ही नातवंडं जयपूरला येणार असायचात. तुम्ही समोर असताना हिरवी पट्टी बांधून बसणं मला नको होतं, म्हणून ऑपरेशन पुढे ढकलत गेले. तुमचं येणं राहून गेलं; मोतीबिंदू पिकत राहिला. डावा डोळा काचबिंदूने आधीच गेलेला. उरला होता तो हाच.

आत बसवायच्या भिंगाचा नंबर डोळ्याच्या लांबीवरून ठरतो. मालवीय नगरच्या दवाखान्यातलं नवं यंत्र ती उजेडाने मोजतं आणि कितीदाही मोजलं तरी जवळपास तोच आकडा देतं, असं ऐकलं होतं. मला त्याने आकडाच दिला नाही. मोतीबिंदू इतका घट्ट, की उजेड आरपार जाईना. मग ध्वनिलहरींनी मोजणारं जुनं यंत्र आणलं. थेंब टाकून डोळा बधिर केला आणि पेनासारखी कांडी बुबुळाला टेकवली. ती किंचित दाबली गेली तरी डोळा आखूड भरतो. दर वेळी निराळा आकडा!

“माताजी, हिलिए मत,” मोजणारी मुलगी म्हणाली.

“मैं कहाँ हिल रही हूँ? तुम्हारा हाथ देखो.”

विमा कंपनीत जन्म काढलेले तुमचे आजोबा म्हणाले, “डॉक्टर, सरासरी काढून टाका ना.”

“काका, चष्मा असता तर नंतर बदलला असता. हे भिंग आतच राहणार,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी डोळ्यावर पाण्याची वाटी बसवून, कांडी न टेकवता मोजलं. आकडे जुळले. परतताना आजोबा रिक्षात गुणगुणत होते.

ऑपरेशननंतर कळलं, भिंगाचा नंबर अगदी बरोबर होता. पण मोतीबिंदूच्या आड डोळ्याचा पडदा मधोमध सुकून गेला होता, तो तेव्हा दिसला. त्यावर उपाय नाही. हे उत्तर मात्र कितीदाही विचारलं तरी तेच येतं.

आता जिथे बघावं तेवढंच पुसलं जातं, कडेचं उरतं. व्हिडिओ कॉलवर तुम्ही ओरडता, “आजी, इकडे बघ ना! खिडकीत काय आहे?” खिडकीत काही नाही. तिकडे बघितलं तरच तुम्ही कोपऱ्यात थोडे दिसता.

कधी आलात तर माझ्या बाजूला बसा. समोर नको.