पंपाला किती झाकणं

भारनियमनाच्या त्या वर्षांत मी अकोल्यात वेबसाइट बनवत असे, हे आज सांगितलं तरी लोक हसतात. तेव्हाही हसायचे. दिवसातले सहा-सात तास लाइट नाही, कपाशीला भाव नाही, पेपर उघडावा तर कोणत्या ना कोणत्या गावात कोणीतरी औषध घेतल्याची बातमी, आणि ही बाई दुकानादुकानांत विचारत फिरते, 'तुमची साइट करू का?'

हो म्हणाले ते एकटे चाचा; सगळा बाजार त्यांना चाचाच म्हणायचा. बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकणारं त्यांचं दुकान वडिलांच्या वेळचं. मी मोठ्या उत्साहानं कागद मांडला: पहिल्या पानावर तुमचा फोटो, मग दुकानाचा इतिहास. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटा, माहा फोटो पाहाले कोन येते?" ते म्हणाले. "लोक इथं काय विचारतात ते पाय, आन् तेच टाक."

मला रागच आला, कारण संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी स्वतः मुलांना हेच शिकवायचे. मग आठवडाभर वही घेऊन गल्ल्याजवळ स्टुलावर बसले. इतिहास कोणी विचारला नाही. दर दुसरा माणूस औषधाची बाटली हातात धरून पाठीवरच्या फवारणीच्या पंपाबद्दल एकच विचारायचा, "पंपाले किती टाकू?" आणि चाचा सांगायचे, "दोन झाकनं." बाटलीवर मिलिलिटर छापलेले असत, पण मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि मोजायचं माप घरी असतं कोणाकडे? बाटलीचं झाकण हेच आमच्याकडचं माप. मीही शेतकऱ्याच्याच घरची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

तर साइटचं मुख्य पान झालं 'पंपाला किती'. कीड कोणती, औषध कोणतं, झाकणं किती. तेव्हा मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन दिसायची, म्हणून मी सगळा तक्ता चित्र करून टाकला. चित्र छापायलाही सोपं. तिवसा, भातकुलीकडची नेटची दुकानं तो छापून देऊ लागली. पानाच्या तळाशी, पान किती वेळा उघडलं गेलं ते दाखवणारा आकडा मी लावला होता. रोज सकाळी लाइट जायच्या आधी तो वहीत उतरवायचा आणि कालच्याशी ताडून पाहायचा, हा माझा नेम. आकडा वाढला की अंगावर मूठभर मांस चढायचं. भातकुलीजवळच्या आमच्या गावी थोरला भाऊ शेती करायचा. त्याला तर मी तो तक्ता लॅमिनेट करून नेऊन दिला होता.

पोळा होऊन गेला होता. फवारणीचे दिवस. चाचांकडे नवा माल आला म्हणून मी दुपारी बाटल्यांचे फोटो काढायला गेले. बाटली तीच, लेबल तेच, पण झाकण जरा मोठं वाटलं. मी जुन्या बाटलीचं झाकण काढून नव्या झाकणात ठेवलं. ते अलगद आत बसलं.

चाचांनी दोन्ही झाकणांनी पाणी मोजून पाहिलं. नवं जवळजवळ दुप्पट होतं. त्यांनी दोन्ही झाकणं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"हा माल कधीपासून विकून राहिले लोक?" मी विचारलं.

"आपल्याकडं आज आला. अमरावतीकडं हप्ता झाला असन. जा बेटा, पयले ते पान काढ. इथं येईन त्याले मी सांगतो, दुकानदारायले फोन करतो, पन पान तुलेच काढा लागन."

माझी पाचावर धारण बसली. पाठीवर पंप, घामानं आणि फवाऱ्यानं ओला झालेला सदरा, नाकाला रुमाल असला तर असला, आणि पंपात दुप्पट विष. तेही छापील कागद बघून घातलेलं. लाइट पाचला येणार होती. आमच्या अख्ख्या भागात कॉम्प्युटर बंद होते आणि पान मात्र चालू होतं. मी आधी घरी फोन लावला. वहिनी म्हणाली, "ते सकाळीच गेले फवाऱ्याले. काल नवी बाटली आनली भातकुलीवून. कावून वं?"

माझ्याच तक्त्यामुळे हे झालं, असं तिला सांगायचं धाडस झालं नाही; मी फोन ठेवला आणि एसटी पकडली. भावाकडे मोबाइल नव्हता.

मन चिंती ते वैरी न चिंती. मूर्तिजापूर येईपर्यंत मी भावाला चार वेळा मेलेला पाहिला. त्याहून वाईट एक विचार होता. त्या वर्षांत शेतात माणूस पडलेला सापडला आणि जवळ बाटली असली, की लोक आवाज खाली करत. झाकण कोणतं होतं, हे कोण विचारणार? त्यानंच घेतलं म्हणतील, वहिनीकडे तशा नजरेनं बघतील, आणि खरं काय ते मला एकटीला माहीत असेल. मी ते सांगितलं असतं का? बसमध्ये मी स्वतःला हे विचारलं आणि उत्तर आलं नाही, याचीही मला भीती वाटली.

अमरावतीच्या स्टँडसमोर नेटचं दुकान होतं. आत लाइट होती, दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. पान काढायला दहा-पंधरा मिनिटं पुरली असती. पण भातकुलीची बस सुटायला आली होती आणि पुढची तासाभरानं होती. मी बसमध्ये चढले. पासवर्ड फोनवर सांगून दुसऱ्या कोणाकडून ते काढून घेता आलं असतं, हे मला त्या दिवशी सुचलंसुद्धा नाही.

गावच्या फाट्यावर उतरून मी वावरापर्यंत जवळजवळ पळतच गेले. भाऊ धुऱ्याच्या बांधावर बसून पाणी पीत होता. मला पाहून तोच घाबरला.

"काय झालं, बाई? घरी सगळे बरे हायेत ना?"

मी धापा टाकत त्याला झाकणाचं सांगितलं. त्यानं पंपाचा पट्टा पुढे ओढला. पट्ट्याला सुतळीनं एक जुनं, पिवळं पडलेलं झाकण बांधलेलं होतं.

"मी तं यानंच मोजतो. हात बसला माहा याच्यावर. तुहा कागद भिताडाले लावला हाये, पोरायले दाखवाले."

मी तिथेच बसले आणि रडले. त्यानं तांब्या माझ्याकडे सरकवला, मला रडू दिलं. मग विचारलं, "बंद केलं काय ते पान?"

"अकोल्याले लाइट नव्हती," मी म्हणाले.

"अमरावतीले?"

मी तांब्या खाली ठेवला. त्यानं पंपातलं उरलेलं तसंच ठेवलं, हात-तोंड धुतलं, शेजाऱ्याची गाडी मागून आणली आणि मला भातकुलीच्या नेटच्या दुकानात नेलं. दुकानाच्या भिंतीवर माझा तक्ता चिकटवलेला होता. भावानं तो फाडला आणि मालकाला का ते समजावून सांगू लागला.

मी पान उघडलं. आधी तळाशी नजर गेली. सकाळी वहीत उतरवलेला आकडा मला पाठ होता. त्यात अकराची भर पडली होती. मी पान काढून टाकलं आणि तिथे मोठ्या अक्षरांत सूचना लावली.

पुढे चाचा प्रत्येक बाटलीबरोबर मापाचा पेला देऊ लागले, तक्त्यात मिलिलिटर आले, आणि आकडा मी पुन्हा कुठल्याच साइटवर लावला नाही. त्या हंगामात कुठे कोणी शेतात पडल्याचं कानावर आलं, की मी गाव कोणतं ते विचारायचे आणि उत्तर यायच्या आधी कान झाकून घ्यावेत असं वाटायचं. त्या दिवशीच्या अकरांत, पान काढायला उघडणारी, एक मीच होते. उरलेले दहा कोण, ते मला कधीच कळलं नाही.