गाडीखालचा कोंडा

परवा नातसून नवी गाडी घेऊन दारात आली. म्हणाली, "आजोबा, बघा, हिला क्लचच नाही!" मी म्हटलं, बाई गं, असली गाडी मी तुझ्या सासऱ्याच्या जन्माआधी चालवलीय... आणि तीही गोंदियात! तिला वाटलं, म्हातारा फेकतोय.

तर ऐका. एकोणीसशे पन्नासच्या पुढची सालं. जिल्हा तेव्हा भंडारा, महाराष्ट्र अजून व्हायचा होता. मी एका राइस मिलच्या मालकांकडे ड्रायव्हर होतो. त्यांनी नागपूरहून एक जुनी अमेरिकन गाडी आणलेली, डोंग्यासारखी लांबलचक. गिअर आपोआप पडायचे. माझी शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिक्षण बोनेटखाली.

त्या चैत्रात गाडीला रोग लागला. पाय दाबला की इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी मात्र पुढे सरकायला नाखूश. चढावर तर फारच... गिअर धरायचा आणि सुटायचा. ओल्या साबणासारखा.

आणि वेळ कोणती? मालकांची सूनबाई देवरीकडे माहेरी, दिवस भरत आलेले. पहिल्या खेपेला तिला खासरातून, म्हणजे बैलगाडीतून, गोंदियाला आणताना वाटेतच बाळ गेलं होतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी यंदा बजावलेलं, आधीच आणून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मला निघायचं होतं, आणि वाटेत जंगलातला एक मोठा चढ...

माझा पाय एका जागी ठरेना. गिअरबॉक्सचं तेल बघायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली. तेल अगदी खुणेवर. चहा आला, गार झाला, मी आपला परत पट्टी ओढतोय.

बाजारातले जुने मिस्त्री खानचाचा आले. त्यांनीही पट्टी बघितली आणि मान हलवली. "तेल तो पूरा है, बेटा. अंदर का माल घिस गया. कलकत्ता भेजना पड़ेगा."

पण तेलाला जळका वास नव्हता. आतलं घासून गेलं असतं तर वास आला असता ना? हा एकच किडा डोक्यात वळवळत राहिला.

तेवढ्यात मालक आले. "काऊन रे, काय करून राहिला सकाळपासून? गाडी नाई चालत त तसं सांग. सूनबाईले अजून खासरात बसवू काय?" आवाज चढलेला, पण उपरण्याचं टोक बोटांना गुंडाळणं काही थांबत नव्हतं. मी इंजिन चालू करून कान देत गाडीभोवती फेऱ्या मारत बसलो.

आमच्या शेडमध्ये गाडीखाली धानाचा कोंडा पसरायची पद्धत होती. ओल धरू नये म्हणून. मिलमध्ये कोंड्याला काय तोटा! धान वाळवणारी सगुणाबाई रोज जुना कोंडा शेगडीसाठी घरी न्यायची आणि जागेवर नवा टाकायची. नेमकी तेव्हाच ती टोपली घेऊन हजर.

"बाजूले व्हा जी ड्रायव्हरभाऊ, कोंडा भरू द्या."

"तिकडं कोंड्याचा पहाड पडला हाये, बाई. तिथून ने ना! माझं डोकं कायले खाते?"

"तो नुसता धुपते जी. तुमच्या गाडीखालचा कसा भडभड पेटते! घासलेट टाकाचं कामच नाई."

नुसता कोंडा असा भडभड पेटेल कसा?

मग खाली बसलो आणि मूठभर कोंडा चोळला. बोटं लालसर, तेलकट! या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेलच लाल. रोज सकाळी मी इंजिन गरम करत गाडी इथंच उभी ठेवायचो. थेंब थेंब तेल कोंडा पीत होता, आणि आम्ही रोज नवं अंथरूण घालत होतो. डाग दिसणार कुठून?

मग पट्टी भरलेली कशी? इंजिन चालूच होतं, तशीच ओढली. टोक कोरडं! तेलच कमी, म्हणून गिअर धरत नव्हता. ट्रकचं तेल इंजिन बंद करून बघायचं, तोच कायदा मी आणि खानचाचांनी इथं लावलेला. बंद केलं की वरचं तेल खाली उतरायचं, आणि पट्टी म्हणायची, सगळं ठीक. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

खानचाचा स्वतः खाली शिरले. एका नळीचा नट सैल झाला होता. तो आवळून बाहेर आले, दाढीला कोंडा चिकटलेला. म्हणाले, "कलकत्ता कैंसल!" गाडीबरोबर आलेलं लाल तेल डब्यात होतं, ते भरलं.

सकाळी निघालो. वाटेत दोनदा उतरून नळीखाली थेंब पडतो का ते बघितलं. येताना सूनबाई मागच्या सीटवर, शेजारी तिची आई. रस्त्यात एका मोहाच्या झाडापाशी सूनबाईनं तोंड फिरवलं. पहिलं बाळ बहुधा इथंच गेलं होतं.

पुढे चढ आला. पाय दाबला... आणि गिअरनं धरलं. पार माथ्यापर्यंत सोडलं नाही. मागून हळूच आवाज आला, "चढ झाला काय जी, भाऊ?"

"झाला, बाई."

आठवड्याभरात मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. मिलभर पेढे वाटले. मी सगुणाबाईला पेढा द्यायला गेलो, तर ती माझ्यावरच तणतणली. "काय करून ठेवलं जी ड्रायव्हरभाऊ? तुमचा कोंडा आता काईच कामाचा नाई राह्यला!"

मी तिच्या हातावर दुसरा पेढा ठेवला. तिची शेगडी मंदावली, तेव्हा कुठं मालकांच्या घरचा पाळणा हलला... हे तिला समजावून सांगायचं माझं राहूनच गेलं. आज इथं सांगतो. सगुणाबाई, तुझे लई उपकार.