धुण्याचा दगड

ओल्या दगडावर कपड्याच्या साबणाचा वास आला की मला चौबे कॉलोनीतल्या एका घराचं परसदार आठवतं. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, मी भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आई मला त्या घरी लग्नासाठी दाखवायला घेऊन गेली होती. पोहे झाल्यावर मुलाच्या वडिलांनी शोकेसमधून एक दगड काढला. त्यावर नेच्याच्या पानासारखी काळी, नाजूक नक्षी होती. "करोडो वर्षांपूर्वीचं झाड हाय हे," ते अभिमानानं म्हणाले. "काका, हे झाड नाही," मी म्हणाले. आईनं कोपर मारलं. "काहून? पानं दिसून नाही राहिले तुले?" काकांनी विचारलं. "पान असतं तर मधे शीर असती. हे फटीत झिरपलेल्या पाण्यातलं मँगेनीज आहे." काकांनी दगड परत शोकेसमध्ये ठेवला. मी हात धुवायला मागे गेले, तर नळाखालच्या धुण्याच्या दगडावर पाणी पडताच कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळं उमटली. मी तिथूनच हाक मारली, "काका, खरा जीवाश्म इथं आहे! इथं समुद्र होता तेव्हाच्या शेवाळाचे थर आहेत हे." "अगं माय! इतकी वर्षं मी याच्यावर कपडे आपटून राहिली," मुलाची आई म्हणाली. काका उकिडवे बसून एकेका वर्तुळावरून बोट फिरवत राहिले. मग मान वर न करताच म्हणाले, "पोट्टी आमाले पसंत हाय." तो दगड आता आमच्या दारात तुळशीशेजारी आहे. त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता, हे मात्र मला आजही सांगता येत नाही.