तुटणारं बिस्किट

नव्वदच्या दशकात आमच्या आखाडा बाळापुरात बिस्किटं विकत कमी आणि भाजून जास्त आणत. दिवाळीआधी मैदा, साखर, तूप डब्यांत भरून बेकरीवर जायचं, भट्टीपाशी बसून गप्पा छाटायच्या आणि पत्र्याचा डबा भरून घरी यायचं. माझ्या लेकीला मात्र त्या डब्याजवळ फिरकायची मनाई होती. तिला गहू चालत नव्हता. नांदेडच्या डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. गहू म्हणजे नुसती पोळी नव्हे, मैदा, रवा, शेवया सगळंच, हे माझ्या डोक्यात शिरायला आठ दिवस लागले.

पोरगी गुणी. शाळेत कुणाच्या वाढदिवसाचं बिस्किट मिळालं की फ्रॉकच्या खिशात ठेवायची आणि घरी आणून मला द्यायची. ते बघून मला रडू यायचं आणि रागही यायचा, कुणावर ते कळायचं नाही. सातव्या वाढदिवसाला तिनं एकच मागितलं. "आई, वर्गात बिस्किटं वाटायची, अन् मी बी सगळ्यांसंगं खायचं."

मी हट्टाला पेटले. गिरणीत गव्हाचं पीठ उडतं म्हणून शेजारणीच्या जात्यावर ज्वारी दळली. तूप, पिठीसाखर, वेलदोडा घालून पीठ मळलं आणि बेकरीवाल्या चाचांकडे डबा दिला. गव्हाचं पीठ लागू देऊ नका, असं चारदा बजावलं. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी बिस्किटं आली ती इतकी सुबक की मी गल्लीभर दाखवून आले. लेकीनं एक उचललं आणि दोन्ही हातांनी मोडून बघितलं.

"आई, हे तुटून काहून न्हाई राहिलं? भाकर तर लगेच तुटते."

"खा गुमान," मी म्हणाले. "मी केलंय ना?"

तिनं चार खाल्ली. मग तीन दिवस पोट धरून अंथरुणावर पडली. वाढदिवस त्यातच गेला.

मी तणतणत बेकरी गाठली. चाचा घाबरेघुबरे झाले. "भाभी, गेहूं का आटा छुआ भी नै. ज्वारी जुडतीच नै थी, चूरा हो रहा था. बच्ची का दिल टूटेगा बोलके मुठभर मैदा डाला."

भांडायला कंबर कसून गेलेली मी तिथंच भट्टीपाशी बसले. मैदा म्हणजे गहूच, हे मलाच कुठं एका दिवसात कळलं होतं? चाचांनी दोन्ही कान पकडले. म्हणाले, या भट्टीच्या हवेतसुद्धा मैदा आहे, बच्चीचं घरीच भाजा. कसं भाजायचं तेही त्यांनीच दाखवलं.

कयाधू नदीची रेती धुऊन वाळवली. जुन्या जाड पातेल्यात ती पसरली, रॉकेलच्या स्टोव्हवर तापवली, वर बिस्किटांची ताटली आणि झाकण. पहिली खेप करपली. दुसरी कच्ची राहिली. तिसरी जमली, पण उचलताना कडा गळत होत्या. मला खा म्हणायचा धीर होईना. ताटली लेकीपुढं ठेवून मी म्हणाले, "आधी तू बघ."

तिनं बोटांनी दाबलं. बिस्किटाचा भुगा झाला.

"तुटलं!" ती ओरडली. "आई, हे माझं हाय!"

आठ दिवस उशिरा वर्गात वाढदिवस झाला. सगळी पोरं तळहात चाटत होती आणि माझी लेक सगळ्यांत जास्त चाटत होती, असं बाईंनी सांगितलं.

पुढे मला कळलं, पिकलं केळं कुस्करून घातलं की ही बिस्किटं जुडतात. एकदा तशी केलीही. लेकीनं हात लावला नाही. आता ती मोठी झाली, नोकरी करते, पण माहेरी आली की मी ती तुटणारीच करते. ती अजूनही आधी मोडून बघते, आणि भुगा पडेपर्यंत मी ओट्यापाशी उभी राहते. 'मी केलंय ना,' असं मात्र त्यानंतर मी तिला कधीच म्हणाले नाही.